मायाताईचे दहा किलो

महेंद्रच्या दोन्ही किडन्या काही एका दिवसात गेल्या नाहीत. तेहतिसाव्या वर्षी त्याला ब्लडप्रेशर निघालं, डॉक्टरांनी रोज एक गोळी लिहून दिली, ती त्याने महिनाभर घेतली आणि सोडून दिली. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग गोळी कशाला, असं तो चारचौघांत छाती पुढे काढून सांगायचा. कल्याणच्या बाजार समितीत एका धान्याच्या व्यापाऱ्याकडे तो कारकून होता. दिवसभर बसायचं, चहा प्यायचा, संध्याकाळी वडापाव खाऊन घरी जायचं. अकरा वर्षं त्याने अशी मजेत काढली आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी एका सकाळी पाय इतके सुजले की चप्पल चढेना. त्यानंतर आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. एरवी माणूस हुशार, वाचणारा, चार लोकांना अर्ज लिहून देणारा. पण स्वतःच्या शरीराच्या बाबतीत असा ठोंब्या कल्याण पूर्वेत शोधून सापडला नसता.

किडनी कोण देणार हा प्रश्न घरात फार दिवस चघळला गेला नाही. बायको विनिता तयार होती, तिचा रक्तगट जुळला नाही. आई शांताबाई बहात्तरची, तिला डॉक्टरांनी खुर्चीतूनच घरी पाठवलं. राहिली थोरली बहीण माया. तिला कोणी विचारलंच नाही, कारण विचारायच्या आधीच ती वर्तकनगरहून आली आणि म्हणाली, माझी घ्या. तिचा नवरा कुंडलिक, म्हणजे महेंद्रचे दाजी, मुळात कमी बोलणारे. त्यांनी फक्त तारीख कधीची आहे ते विचारलं.

हॉस्पिटल ठाण्यात होतं. डायलिसिस करून कल्याणला परत जायचं म्हणजे महेंद्रच्या अंगात त्राण उरायचं नाही. म्हणून तो आणि आई मायाताईच्या वर्तकनगरच्या घरी राहायला आले. विनिता नोकरी आणि मुलीची शाळा सांभाळत कल्याणला राहिली. बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर.

मार्चमध्ये ताईच्या सगळ्या तपासण्या झाल्या. रक्त जुळलं, बाकीचंही जुळलं, पण किडनीच्या डॉक्टर मॅडमनी फाइल मिटून बाजूला ठेवली. ताईची उंची पाच फूट दोन इंच, वजन चौऱ्याऐंशी किलो, आणि रक्तातली साखर उंबरठ्यावर. मॅडम शांतपणे म्हणाल्या की आज तुमची किडनी काढली तर दहा वर्षांनी तुम्ही स्वतःच माझ्याकडे पेशंट म्हणून याल, आणि ते मी करणार नाही. वजन चौऱ्याहत्तरपर्यंत यायला हवं, साखर खाली यायला हवी. पहिल्या तीन महिन्यांत पाच किलो, पुढच्या तीन महिन्यांत पाच. तोवर महेंद्र डायलिसिसवर निभावेल, पण त्यापुढे फार दिवस त्याच्या नसांवर भरवसा ठेवता येणार नाही.

म्हणजे महेंद्रचा जीव आता ताईच्या दहा किलोंना बांधलेला होता. बाहेर आल्यावर ताईने त्याच्या पाठीवर थाप मारली. "पाच कसले, तीन महिन्यांत दहाच करून दाखवते. तू टेन्शन नको घेऊस."

इथे ताईच्या नोकरीबद्दल सांगायला हवं, कारण पुढची सगळी चूक तिथूनच आली. माया वागळे इस्टेटमध्ये पितळी व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात तेवीस वर्षं तपासणीच्या टेबलावर होती. तिच्या नजरेतून एक वाकडा आटा सुटायचा नाही. पण वर्षातून एकदा बाहेरून ऑडिटवाले यायचे, आणि त्यांच्या तयारीत ताईचा हात धरणारा कोणी नव्हता. आठ दिवस आधी जमिनीवरचे पिवळे पट्टे नव्याने रंगवले जायचे, मोडका माल ताडपत्रीखाली जायचा, आणि वर्षभर कोरी राहिलेली रजिस्टरं ताई एका बैठकीत भरायची. तीही तीन वेगवेगळ्या पेनांनी, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यासारखी दिसावीत. तेवीस वर्षं कारखाना पास होत होता. ताईने आपल्या शरीराचं ऑडिटही असंच पार पाडायचं ठरवलं तर नवल नव्हतं.

एप्रिल ओव्हरटाइममध्ये गेला. मे लग्नांत गेला. घरात आई होती, आणि आईच्या हातची भाकरी एक खाऊन कोणी उठलेलं तिला चालायचं नाही. महेंद्र सोफ्यावर पडून हे सगळं बघत होता आणि दिवस मोजत होता, पण जी बाई आपला अवयव द्यायला निघालीय तिला ताटावरून उठ कसं म्हणायचं, या संकोचात गप्प राहिला. जूनच्या तपासणीला आठ दिवस उरले आणि ताईने कंबर कसली. सकाळी दुधीचा रस, दुपारी काकडी, संध्याकाळी काही नाही. पहाटे उठून कॉलनीला वीस चकरा. गुडघे सुजले तरी वीस. घरात तिचा आवाज चढला, कुंडलिकदाजी गॅलरीत जाऊन जेवू लागले. आठव्या दिवशी काटा एकोणऐंशीवर आला. ताई विजयी मुद्रेने हॉस्पिटलात गेली. उपाशीपोटीची साखरही अगदी लहान पोराची यावी तशी आली.

मॅडमनी तो कागद बघितला आणि दुसरा मागवला. उपाशीपोटीची साखर कालचं सांगते, त्या म्हणाल्या, ही दुसरी तपासणी मागच्या तीन महिन्यांचं सांगते, आणि त्यात मार्चपेक्षा काडीचा फरक नाही. उलट थोडी वरच गेलीय. शिवाय आठ दिवस उपाशी राहून तुम्ही जी किडनी द्यायला निघालात तिलाच ताण दिलाय. त्या रागावल्या नाहीत, हे जास्त लागलं.

घरी येऊन चप्पल काढता काढता ताई भिंतीला टेकली आणि रडली. महेंद्रने आपल्या बहिणीला वडिलांच्या अंत्यसंस्कारानंतर रडताना बघितलं नव्हतं. त्याला वाटलं आता संपलं. आपण वेटिंगच्या यादीत नाव घालावं आणि ताईला मोकळं करावं, असं तो मनाशी जुळवत होता. तेवढ्यात ताईने पदराने तोंड पुसलं.

"रक्तात मागच्या तारखेची एंट्री मारता येत नाही रे," ती म्हणाली. "मला वाटलेलं, जमेल."

दुसऱ्या दिवशी तिने कारखान्यातून तपासणीचा एक कोरा तक्ता आणला आणि स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवला. महिन्याचे तीस रकाने, आणि आडव्या फक्त तीन ओळी. कंपनीतला चहा बिनसाखरेचा. रात्री एकच भाकरी. जेवणानंतर बिल्डिंगला दोन चकरा. वजन फक्त रविवारी. नियम एकच, ज्या दिवसाचं त्या दिवशी लिहायचं. राहिलं तर रकाना रिकामा, नंतर भरायचा नाही.

महेंद्रने तो तक्ता वाचला आणि त्याचं डोकं सणकलं. त्या दिवशी डायलिसिस झालं होतं, अंगातून पाणी काढलेलं, पोटऱ्यांत गोळे आलेले, तहानेने जीभ टाळूला चिकटलेली. त्याला दिवसाला मोजून चार पेले पाणी होतं आणि बहिणीला दोन चकरा.

"माझा जीव टांगणीला लागलाय, आणि तू बिल्डिंगला दोन चकरा मारणार? लहान पोरगी पण मारेल दोन."

ताईने रागावायला हवं होतं. तिने शांतपणे भांडी पुसली. "वीस मारलेल्या ना मी, आठ दिवस. काय झालं बघितलंस तू. आता दोनच मारणार, पण रोज. दोन जमल्या की मग तीन."

महेंद्र तोंड फिरवून झोपला. त्याचं चुकलंच, पण मरणाला भिणाऱ्या माणसाला छोट्या गोष्टी पटत नाहीत, त्याला चमत्कार हवा असतो.

पहिल्या महिन्यात काटा जवळजवळ हलला नाही. आठ दिवसांच्या उपासाने गेलेलं वजन उपास सुटताच परत आलं होतं, त्र्याऐंशी. जुलैच्या पहिल्या रविवारी ब्याऐंशी. महेंद्र कुत्सितपणे हसला; ताईने आकडा लिहिला आणि चकरा तीन केल्या. पाऊस असला की ती जिना चढायची, दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंशी दोन शब्द बोलून पुन्हा वर. ऑगस्टमध्ये तिने शेअर रिक्षा एक नाका अलीकडेच सोडायला सुरुवात केली. गुडघ्यांनी कुरकुर केली नाही तेव्हा दोन नाके अलीकडे. रविवारी पहाटे बूट घालून उपवनच्या तळ्याला एक फेरी, मग दोन. यातल्या एकाही गोष्टीत सांगण्यासारखं काही नव्हतं. पण महेंद्र सोफ्यावर पडून रोज बघत होता, आणि रोज रात्री साडेआठला ती बाई दिवसभर उभं राहून दमलेली असतानाही चप्पल घालून जिना उतरायची. कधी तोंड वाकडं करून, कधी आईशी भांडण अर्धं सोडून, पण उतरायची. हळूहळू त्याचं कुत्सित हसणं थांबलं. पुढे पुढे साडेआठला तिच्या पावलांचा आवाज आला नाही तर त्याला चैन पडेना.

खरी लढाई आईशी होती. शांताबाईने मुलीला भाकरीवर चमचाभर तूप चोरून घालायचा सपाटा लावला. ताईने पकडलं तेव्हा म्हातारी उसळली. एका लेकराच्या पोटातून काढून दुसऱ्याच्या पोटात घालणार तुम्ही, आणि मी त्या लेकराला उपाशी ठेवू? तिचं म्हणणं एवढंच होतं. ताईने वाद घातला नाही. तिने आईला कामाला लावलं. मूग भिजवायचे, पालेभाजी निवडायची, वाटीने मोजून वाढायचं. मोजून वाढायचं काम म्हातारीच्या इतकं अंगात भिनलं की पुढे ती दाजींचा भातही मोजू लागली आणि ते बिचारे पुन्हा गॅलरीत गेले.

सप्टेंबरमध्ये दोन संकटं लागोपाठ आली. महेंद्रच्या हातातली डायलिसिसची नस अचानक बंद पडली. धावपळ झाली, दुसऱ्या हाताला नव्याने नस जोडावी लागली, तोवर गळ्यातून नळी. मॅडमनी स्पष्ट सांगितलं की आता फार ताणता येणार नाही, वर्ष संपेपर्यंत काय ते व्हायला हवं. घरात सगळ्यांचा धीर सुटला. महेंद्रला वाटलं, ताई आता पुन्हा दुधीच्या रसावर जाणार. त्या आठवड्यात तिचं वजन एकोणऐंशी होतं आणि चकरा आठ. ती हॉस्पिटलातून रात्रीची आली, एक भाकरी खाल्ली, आठ चकरा मारल्या आणि झोपली. नऊ नाही, सात नाही. महेंद्र गळ्यातली नळी सांभाळत खिडकीतून बघत होता. इतका धीर आपल्यात कधीच नव्हता, आपल्याला तर रोज एक गोळी जमली नाही, हे त्याला तिथे पहिल्यांदा नीट कळलं आणि लाज वाटली.

दुसरं संकट म्हणजे ताईलाच ताप आला. पाच दिवस ती उठली नाही. तक्त्यात पाच रकाने रिकामे राहिले. सहाव्या दिवशी ती धडपडत स्वयंपाकघरात गेली आणि बघते तर पाचही रकान्यांत बरोबरच्या खुणा. थरथरत्या, मोठाल्या, रेघेबाहेर गेलेल्या. शांताबाईला लिहिता फारसं येत नव्हतं, पण बरोबरची खूण येत होती. पोरीची तब्येत बरी नाही म्हणून ती नापास व्हायला नको, एवढ्याच विचाराने म्हातारीने पेन हातात घेतलं होतं.

ताई हसली नाही आणि ओरडलीही नाही. कारखान्यात चुकलेली नोंद खोडत नाहीत, तिच्यावर एक रेघ मारतात आणि बाजूला सही करतात. तिने पाचही खुणांवर एकेक रेघ मारली आणि पाच वेळा सही केली. मग आईला जवळ बसवून सांगितलं, "आये, हे कोणाला दाखवायला नाहीये गं. रिकामं राहिलं तर राहू दे. उद्या परत दोनपासून चालू करते." आणि खरंच तिने दुसऱ्या दिवशी आठवरून दोनवर यायला जराही कमीपणा मानला नाही. महेंद्रला तिच्या आठ चकरांपेक्षा त्या दोन चकरांचं जास्त कौतुक वाटलं.

ऑक्टोबरमध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ती पांढरी साडी नेसून विहारात गेली. साडीला ब्लाउज नवा शिवावा लागला होता. बायकांनी खिरीची वाटी पुढे केली, तिने अर्धी घेतली, चवीने खाल्ली आणि घरी येऊन तक्त्याच्या कडेला लिहिलं, खीर, अर्धी वाटी. नोव्हेंबरच्या शेवटी काटा पंचाहत्तरवर आला आणि तिथेच तीन आठवडे अडून बसला. महेंद्रला झोप लागेना. ताईने भाकरी कमी केली नाही, चकरा वाढवल्या नाहीत. अडतो कधी कधी, ती म्हणाली, आपण अडायचं नाही.

डिसेंबरच्या तपासणीला जायच्या आदल्या दिवशी तिने नेहमीसारखं जेवण केलं. हे महेंद्रला विशेष वाटलं. काट्यावर आकडा आला त्र्याहत्तर किलो आठशे ग्रॅम. तीन महिन्यांची साखर उंबरठ्याच्या बरीच खाली आली होती. मॅडमनी कागद दोनदा वाचला, मग खुर्चीतून उठून त्यांनी मायाताईचा हात हातात घेतला. जानेवारीतली तारीख त्यांनी तिथेच लिहून दिली. महेंद्रला बोलायचं खूप होतं. त्याने वाक्यं सहा महिने जुळवून ठेवली होती. पण ताईकडे बघितल्यावर त्याचे फक्त डोळे भरून आले, आणि तिने त्याला लहानपणी द्यायची तशी टपली दिली.

त्या दिवशी घरात पुरणपोळी झाली. विनिता मुलीला घेऊन कल्याणहून आली, दाजी चक्क दोन वाक्यं बोलले. ताईने पोळी खाल्ली, एक, तूप घालून. आता सगळं झालं या समाधानात महेंद्र अंथरुणाला पाठ टेकवून गाढ झोपला.

दुसऱ्या दिवशी रविवार. पहाटे साडेपाचला त्याला जाग आली. ताई दारापाशी बसून बुटांच्या नाड्या बांधत होती.

"ताई, झालं की आता," तो उठून बसत म्हणाला. "पास झालीस ना तू. महिनाभर आराम कर."

तिने दुसऱ्या बुटाची नाडी बांधली. मग मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण थट्टाही नव्हती.

"जानेवारीनंतर माझ्याकडे एकच राहणार महेंद्र. आणि तुझ्याकडे जी येईल ती पण माझीच. दोन्ही मीच सांभाळायच्या का?"

महेंद्रला वाटलं, आपल्या आयुष्यात आपल्याला इतकं खरं कोणी बोललं नव्हतं. त्याच्या डोळ्यांसमोर अकरा वर्षं आली, आणि सोफ्यावर पडून बघितलेले हे सहा महिनेही आले. जी गोष्ट ती त्याच्यासाठी करत होती ती त्याने बसल्या जागेवरून फक्त बघितली होती. त्याने स्वेटर चढवला, चप्पल शोधली आणि दारात आला.

तीन मजले उतरायला त्याला सात मिनिटं लागली. प्रत्येक मजल्यावर तो कठड्याला धरून थांबला, आणि ताई घाई न करता एक पायरी खाली थांबून राहिली. खाली थंडी होती. बिल्डिंगच्या दारापासून गेट चाळीस पावलांवर. विसाव्या पावलाला त्याचा श्वास फुलला, पण तो थांबला नाही. गेटच्या लोखंडी बारला हात लागला तेव्हा त्याला भलताच अभिमान वाटला आणि त्या अभिमानाची लाजही वाटली. समोर उपवनकडे जाणारा रस्ता होता. लोक जोराने चालत होते.

"उद्या त्या कोपऱ्यापर्यंत जाऊया," तो धापा टाकत म्हणाला.

"नाही," मायाताई म्हणाली. "उद्या पण गेटपर्यंतच."